विजयदुर्ग, हेलियम आणि 'शोधाची तारीख': वर्गात नेमकं काय सांगावं?

नववी_ब
विज्ञान कसं पुढे जातं, यावर नववीसाठी दोन तासिका घ्यायच्या आहेत. उदाहरण हेलियमचं. 'लॉकयरने १८ ऑगस्ट १८६८ रोजी विजयदुर्गावरून हेलियम शोधला' हे वाक्य सगळीकडे सापडतं. ते बरोबर आहे का? प्रकाश रंगांत फाकवल्यावर (वर्णपटात) ओळखीची नसलेली एक पिवळी रेष दिसली की नवं मूलद्रव्य सापडलं, असं म्हणता येतं का? आणि मुलांना हातानं करून पाहण्यासारखं काय आहे?

वर्णपट
ते वाक्य तसंच्या तसं सांगू नका. १८ ऑगस्ट १८६८ला खग्रास सूर्यग्रहण होतं, आणि त्या दिवशी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयर इंग्लंडमध्ये होता. सूर्य पूर्ण झाकलेला दिसतो तो खग्रास पट्टा भारतातून गेला. ग्रहण पाहणाऱ्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, हर्शेल जमखंडीला. सौरज्वालांच्या (सूर्याच्या कडेवर दिसणाऱ्या तप्त वायूच्या झोतांच्या) रेषा इतक्या ठळक होत्या की जान्सेनने दुसऱ्याच दिवशी, ग्रहण नसताना, त्या पुन्हा पाहिल्या. लॉकयरने हेच २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून स्वतंत्रपणे केलं. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान त्या मोहिमेवर पूर्ण टिकतो, त्याला १८६८ जोडायची गरज नाही.

आता रेषेचं. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीवर, ज्वालांमधली नवी रेष ५८७.६वर. तिला लगेच मूलद्रव्य म्हटलं गेलं नाही. हायड्रोजनच वेगळ्या दाबाला किंवा तापमानाला अशी रेष देतो का, हे लॉकयर आणि रसायनज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत तपासलं. रेष आली नाही. 'हेलियम' हे नाव १८७१मध्ये जाहीर भाषणात आलं, तरीही पुष्कळांना ते पटलं नव्हतं.

मार्च १८९५मध्ये रसायनज्ञ रॅमसे अरगॉन वायूच्या शोधात क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज आम्लात उकळत होता. निघालेल्या वायूत तीच पिवळी रेष! आणि इथेच गोष्ट संपत नाही, हा भाग मुलांना जरूर सांगा. रुंगे आणि पाशेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांना दिसलं की क्लेव्हाइटच्या वायूची रेष जोडरेष आहे, अंतर फक्त ०.०३ नॅनोमीटरच्या आसपास. सूर्यावरची रेष तर एकेरी समजली जात होती. म्हणजे हा वायू वेगळाच? मग सूर्याकडे अधिक बारकाईने पाहिलं गेलं, आणि तिथलीही रेष जोड निघाली. खरी ओळख इथे पटली.

किरीट५३०३
वरच्या उत्तराला जोड. फक्त हेलियम शिकवलात तर 'अनोळखी रेष म्हणजे नवं मूलद्रव्य' एवढंच मुलं घेऊन जातील. शेजारी कोरोनियम ठेवा, म्हणजे असंच मानलं गेलेलं पण नसलेलं मूलद्रव्य. ७ ऑगस्ट १८६९च्या ग्रहणात प्रभाकिरीटात (सूर्याभोवतीच्या फिकट तेजोवलयात, म्हणजे कोरोनात) हिरवी रेष दिसली. आधी ती लोखंडाच्या ५३१.७ नॅनोमीटरच्या रेषेशी जुळते असं वाटलं. १८९८च्या ग्रहणातल्या छायाचित्रांवरून कळलं की ती ५३०.३वर आहे. दीड नॅनोमीटरची चूक, २९ वर्षं! मग तिचा धनी कोण, तर 'कोरोनियम'. युक्तिवाद हेलियमचाच.

तो फसला तो आवर्तसारणीमुळे. १९१३मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मोस्लीने अणुक्रमांक मोजता येतात हे दाखवल्यावर हलक्या मूलद्रव्यांत रिकामी जागाच उरली नाही. उत्तर १९४०च्या सुमारास स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ एडलेनने दिलं: १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं लोखंड. त्याला लागणारं तापमान दहा लाख अंशांच्या घरातलं, तेव्हा कोणाच्या कल्पनेत नसलेलं. तेजोमेघांतल्या (अवकाशातल्या चमकणाऱ्या वायूच्या ढगांतल्या) रेषांवरून मानलेलं 'नेब्युलियम' असंच गेलं, ते दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन निघालं.

१८८०मध्ये हेलियम आणि कोरोनियम यांतलं खरं कोणतं, हे केवळ रेष पाहून कोणालाच सांगता आलं नसतं. तासिकेत याच प्रश्नावर जास्त वेळ द्या.

नववी_ब
छान. पण हातानं करायचं तर सीडीच्या तुकड्याने प्रकाश रंगांत फाकवून ५८७.६ आणि ५८९.०च्या रेषा वेगळ्या दिसतील का?

फट_आणि_जाळी
सीडीवर अवघड, डीव्हीडीवर जमतं. सीडीच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर, डीव्हीडीच्या ०.७४, त्यामुळे रेषा तिप्पटीहून जास्त फाकतात. कोरी डीव्हीडी कापून दोन थर सोलून वेगळे करा, पारदर्शक थरावरचा रंग स्पिरिटने पुसा. कडेजवळचा तुकडा घ्या, आतल्या बाजूला ओळींचा बाक जास्त असल्याने रेषा वाकतात.

तुकडा बंद खोक्यात बसवा. प्रकाश आत येण्याची फट ब्लेडच्या दोन पात्यांची, ०.१ मिलिमीटर, तुकड्यापासून २० सेंटीमीटरवर. ०.५ ठेवलीत तर दोन्ही रेषा एकमेकींवर चढतील. बहुतेकांचं इथेच चुकतं. प्रकाश तुकड्यावर सरळ पडत असेल तर पिवळा रंग सुमारे ५३ अंशांवर दिसतो, खोक्याला डोळ्याचं भोक त्याच कोनात पाडा.

फटीच्या अर्ध्या भागामागे मिठाची वात लावलेला स्पिरिटचा दिवा, उरलेल्या अर्ध्यामागे हेलियम भरलेली, विजेने चमकणारी नळी. ती महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत मिळते. तिला हजारो व्होल्ट लागतात, मुलांना हात लावू देऊ नका.

सूर्यप्रकाश थेट नको, पांढऱ्या कागदावरून परावर्तित झालेला घ्या. त्यात सोडियमच्या काळ्या रेषा मिळतील, पण हेलियमची मिळणार नाही. साध्या सूर्यवर्णपटात ती नसतेच, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला वेगळ्या पाहाव्या लागतात. १८६८च्या आधी ती कोणाच्या नजरेत का आली नव्हती, हे मुलांना तिथेच विचारा.