शब्दचर्चा : 'निर्विकार' की 'सोशिक'?

प्रश्न : स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन पंथाच्या तत्त्ववेत्त्यांच्या 'अपाथेया'ला, म्हणजे भय-क्रोधाच्या तडाख्यातून सुटलेल्या मनाच्या अवस्थेला, मराठीत काय म्हणावं? एपिक्टेटस या स्टोइक तत्त्ववेत्त्यावर लेख लिहिते आहे. 'सोशिकपणा' म्हटलं की मुकाट सासुरवास काढणारी सून डोळ्यांपुढे येते आणि 'स्थितप्रज्ञता' म्हटलं की गीतेचा दुसरा अध्याय. दोन्ही टाळायचं आहे.

उत्तर : 'निर्विकारता' घ्या. भय, क्रोध, हाव यांना स्टोइक 'पाथॉस' म्हणत आणि मनाचे रोग मानत. मराठीत कामक्रोधही विकार आणि हृदयविकारही विकारच, त्यामुळे दोन्ही अर्थ आपोआप येतात. रोमन लेखक सिसेरोला लॅटिनमध्ये ही सोय नव्हती. इ.स.पू. 45 मध्ये लिहिताना त्याने 'मॉर्बस' (रोग) हा शब्द विचारात घेतला, पण दया, हेवा, हर्ष यांना रोग म्हणणं लॅटिनच्या वळणात बसत नाही, म्हणून सोडला आणि क्षोभ या अर्थाचा शब्द वापरला.

दुसरं मत : व्युत्पत्ती ठीक, पण वापराचं काय? 'साहेबांनी निर्विकार चेहऱ्याने अर्ज परत केला' यात कोरडेपणा आहे, आणि स्टोइकांना दगड व्हायचं नव्हतं. आनंद, विवेकी इच्छा आणि सावधपणा या तीन निरोगी भावना ते शहाण्या माणसातही मान्य करत.

रोमन लेखक औलुस गेलियसने सांगितलेला प्रसंग बघा. तो जहाजाने इटलीतल्या ब्रुंडिसियम बंदराला जाताना रात्री वादळ झालं. जहाजावर अथेन्सचा एक नावाजलेला स्टोइक होता. तो इतरांसारखा रडला-ओरडला नाही, पण चेहरा पांढराफटक पडला होता. वादळ शमल्यावर एका धनिकाने त्याला त्यावरून टोमणा मारला. नंतर गेलियसने आदराने कारण विचारलं, तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढून दिला. त्यातला मुद्दा असा : पहिला धक्का कोणालाच चुकत नाही, रंग उडणारच, 'हे भयंकर आहे' या कल्पनेला संमती द्यायची की नाही, एवढंच आपल्या हातात असतं. मला सगळ्या स्टोइक विचारात हीच गोष्ट सर्वांत माणुसकीची वाटते. तेव्हा 'निर्विकार' चेहऱ्याला लावू नका, मनाला लावा.

प्रश्नकर्ती : पटलं. 'संमती' हा शब्दही घेते. आता एक अडचण. 'अनेखू, अपेखू' ही एपिक्टेटसची दोन शब्दांची शिकवण. मी 'सोस, आवर' असं केलं आहे.

उत्तर : सुरेख, पण स्वल्पविराम जपा. तो गळला तर 'सोस आवर' उरेल, म्हणजे दागिन्यांचा असतो तसला सोस. अर्थ वाईट नाही, पण मग दुसरा शब्द तेवढा राहतो आणि संकट सोसण्याचा पहिला निघून जातो. 'सोस आणि आवर' लिहा.