जोडीदाराला एसटीआय रिपोर्ट अ‍ॅपवरून दाखवायचा: स्क्रीनशॉट, पीडीएफ की लिंक?

कोरी_पाटी:
संबंध येण्याआधी दोघांनी एकमेकांचे एसटीआयचे, म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आजारांचे, रिपोर्ट बघायचे ठरवले, तर लॅबच्या अ‍ॅपमधून ते कसे पाठवावेत? आणि समोरून आलेल्या रिपोर्टात नेमकं काय वाचायचं? सगळीकडे नुसतं हिरवं 'निगेटिव्ह' दिसतं.

थेंबभर:
आधी तारीख. रिपोर्ट छापल्याची नव्हे, नमुना घेतल्याची. शेवटच्या असुरक्षित संबंधापासून ती किती लांब आहे ते मोजा. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची एचआयव्ही टेस्ट (अँटिबॉडीसोबत विषाणूचा अंशही शोधणारी) लागण साधारण 18 ते 45 दिवसांनी पकडते, नुसत्या अँटिबॉडी शोधणारी टेस्ट 23 ते 90 दिवसांनी. सिफिलिसलाही 90 दिवस धरा. म्हणजे आठवड्यापूर्वीच्या संबंधाबद्दल कालचं एचआयव्ही किंवा सिफिलिस 'निगेटिव्ह' काहीच सांगत नाही.

मग कशाकशाची टेस्ट झाली ते. 'फुल पॅनेल' या नावाला काही अर्थ नाही, लॅबगणिक यादी बदलते. लक्षणं नसतील तर हर्पिस बहुधा त्यात नसतोच. नमुना कुठला, हेही बघा. लघवीतून क्लॅमिडिया-गनोरिया निगेटिव्ह आले तरी घशात किंवा गुदद्वारात लागण असू शकते. तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो. अ‍ॅपच्या हिरव्या पट्टीत यातलं काही दिसत नाही, म्हणून पूर्ण पान उघडा.

कुलूपकिल्ली:
पाठवायचंच असेल तर नाव, जन्मतारीख, फोन, नमुना क्रमांक झाका. इथे लोक हमखास फसतात. फोनमधला हायलायटर पेन अर्धपारदर्शक असतो. काळ्या रंगाने तीनदा फिरवला तरी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट वाढवला की अक्षरं वर येतात. भरीव चौकोन टाका. पीडीएफवर चौकोन टाकला तर खालचा मजकूर तसाच राहतो, कॉपी करता येतो. म्हणून झाकून झाल्यावर स्क्रीनशॉट काढा आणि तोच पाठवा.

कोपऱ्यातला क्यूआर कोड राहून जातो. बऱ्याच रिपोर्टांवर तो थेट मूळ रिपोर्टची लिंक असतो, मग नाव झाकलं काय नि न झाकलं काय. अर्थात तो झाकला की समोरच्याला रिपोर्ट खरा की खोटा हे पडताळता येत नाही. ही ओढाताण राहणारच.

उंबरठा:
म्हणून पाठवूच नका, समोरासमोर दाखवा. स्क्रीनशॉटमधली तारीख बदलायला दोन मिनिटं लागतात. त्यापेक्षा दोघांनी आपापलं अ‍ॅप उघडून, लॉगिन करून, पान रिफ्रेश करून दाखवलं की पडताळणीही होते आणि कॉपीही मागे राहत नाही. 'एकदाच बघा' फोटोचं म्हणाल, तर दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढता येतोच.

डेटिंग अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये ही माहिती भरणं तर मी टाळेन. ग्राइंडर हे अ‍ॅप आपल्या वापरकर्त्यांची एचआयव्ही स्थिती दोन बाहेरच्या कंपन्यांना देत होतं, हे 2018 मध्ये उघड झालं.

कोरी_पाटी:
आभार. रिपोर्टात 'एचआयव्ही पॉझिटिव्ह, व्हायरल लोड अनडिटेक्टेबल', म्हणजे रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी, असं असेल तर? आणि गावं वेगळी असतील तर लिंकच बरी ना?

थेंबभर:
औषधं नियमित चालू असतील आणि व्हायरल लोड 200 कॉपी प्रति मिलीच्या खाली टिकून असेल, तर लैंगिक संबंधातून एचआयव्ही पसरत नाही. त्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' शब्दापेक्षा व्हायरल लोडचा आकडा आणि त्याची तारीख वाचा. बाकीच्या आजारांच्या टेस्ट मात्र वेगळ्या बघाव्याच लागतात.

कुलूपकिल्ली:
लिंक चालेल, पण पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या खाजगी विंडोत उघडून बघा. पासवर्ड किंवा ओटीपी न मागता रिपोर्ट उघडला, तर ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला तो दिसणार. मुदत घालायची सोय असेल तर 24 तासांची घाला, बघून झालं की बंद करा.