शाळेत मुलींना सॅनिटरी पॅड फुकट द्यावेत की पाच रुपये घ्यावेत?

वर्गशिक्षिका:
जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते आहे. गेल्या आठवड्यात आठवीतली एक मुलगी काही केल्या फळ्यापाशी येईना. गणित तर तिला येत होतं. मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला तेव्हा पाहिलं, वहीचं पान फाडून ती बाकावरचा डाग पुसत होती. ऑफिसच्या कपाटात पॅड होते, पण कपाटाची किल्ली सरांकडे आणि सर मीटिंगला तालुक्याला गेलेले. शेवटी माझ्या पर्समधला दिला.

मार्च २०१८ मध्ये राज्यात अस्मिता योजना आली. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ पॅडचं पाकीट ५ रुपयांना, बचत गटांमार्फत. हेतू चांगलाच होता. पण पाच रुपये म्हणजे घरी कुणापुढे तरी तोंड उघडणं आलं. पुस्तकं मोफत, खिचडी मोफत, मग इथेच पैसे का? मुलींना पॅड फुकट मिळावेत, आणि मुख्य म्हणजे न मागता मिळावेत.

आबा_सोलापूरकर:
ताई, तळमळ कळते, पण मी विरोधात आहे. माझ्या बायकोचा बचत गट आहे. मुलींना पाच रुपये असोत नाहीतर गावातल्या बायकांना चोवीस, विक्री असली की बायकांच्या हातात चार पैसे येतात आणि माल खराब निघाला तर गिऱ्हाईक तोंडावर सांगतं. फुकट म्हटलं की टेंडर, टेंडर म्हटलं की सर्वांत स्वस्त माल. फुकटच्या पॅडबद्दल तक्रार कोणती मुलगी करणार? २०१८ मध्ये पॅडवरचा जीएसटी गेला, जनऔषधी केंद्रात २०१९ पासून एक रुपयाला पॅड मिळतो. ज्यांना तेही परवडत नाही त्यांना द्या की फुकट.

रानजाई:
आबा, "ज्यांना परवडत नाही" त्यांची यादी कोण करणार? वर्गात हात वर करायला सांगणार का? जनऔषधी केंद्र आमच्या गावापासून सतरा किलोमीटरवर आहे. एक रुपयाच्या पॅडसाठी येण्याजाण्याचं एसटीचं भाडं कोण देणार? आणि काउंटरवर पुरुष असला की मुली दारातूनच परत फिरतात.

जुलै २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे काढायला लावून तपासलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. आपल्या शाळांत हे घडू शकतं, मग मुलगी कुणापाशी मागायला कशी जाईल? किमतीपेक्षा भीती मोठी आहे.

कात्रजची_मावशी:
मी दोन्ही बाजूंची नाही. पुण्यात कचरावेचक बायकांबरोबर काम करते. तुम्ही वापरलेला पॅड गुंडाळून टाकता, तो पुढे त्यांच्या हातात उघडतो. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेतल्या बायकांनी वापरलेल्या पॅडच्या पाकिटावर लाल ठिपका काढून द्या म्हणून मोहीम चालवली, ती याचसाठी. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये प्लास्टिक असतं. गावात तर घंटागाडीही नाही, शाळेमागे खड्डा आणि कुत्री. केरळात कुंबळंगी गावाने २०२२ मध्ये पाळीत धुऊन पुन्हा वापरायचे कप आणि कापडी पॅड यांची वाट धरली. फुकट द्यायचंच तर तसं काही द्या.

वर्गशिक्षिका:
मावशी, कचऱ्याचं अगदी मान्य. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कप? आमच्याकडे शाळेच्या नळाला दुपारनंतर पाणी नसतं. कापडाला मी वाईट म्हणत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या निम्म्या मुलींनी कापड वापरतो असं सांगितलं. पण ते उन्हात वाळलं पाहिजे. एका खोलीच्या घरात मुली ते पत्र्याच्या मागे, दुसऱ्या ओल्या कपड्याखाली वाळवतात. पावसाळ्यात तसंच ओलसर वापरतात. खाज, फोड, सगळं सोसतात आणि बोलत नाहीत.

केज_तालुका:
तुमच्या सगळ्या चर्चेत आमच्या पोरी नाहीतच. दिवाळी झाली की आईबापाबरोबर ऊसतोडीला फडावर. शाळेत पॅड फुकट असो की पाच रुपयांना, पोरगी तिथं नाही. पालाजवळ न्हाणीघर नाही, पहाटे चारला तोड सुरू. आमच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची चौकशी २०१९ मध्ये झाली. एक खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, म्हणून पाळीच नको, अशी वेळ बायांवर आली होती. द्यायचंच तर निघताना सहा महिन्यांचे पॅड एकदम बांधून द्या. आणि पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवा, म्हणजे ती जाणारच नाही.

आबा_सोलापूरकर:
केजकर, तुमचं पटलं. तिथं पैसे घेऊ नयेत. पण फुकटाला हिशेब नसतो, हे माझं म्हणणं कायम. आज कपाट भरलेलं, जूनमध्ये रिकामं, आणि विचारायचं कुणाला? बचत गटाकडून शाळेने विकत घ्यावेत, मुलीला फुकट द्यावेत, असं केलं तर मात्र माझी हरकत नाही.

वर्गशिक्षिका:
आबा, मला हेच हवं आहे. सोमवारी मी सरांशी बोलले. कपाटातले वीस पॅड खोक्यात घालून मुलींच्या स्वच्छतागृहात आतल्या खिळ्याला टांगले. बुधवारी खोकं रिकामं. सर म्हणाले, चोरी झाली. मी म्हटलं, घरी मोठी बहीण असेल, आई असेल. पुन्हा वीस ठेवले.

आबा_सोलापूरकर:
आणि?

वर्गशिक्षिका:
आज शुक्रवार. नऊ उरलेत. किल्ली अजून सरांच्याच खिशात आहे, फक्त ती आता लागत नाही.