अनुभव सांगा: गर्भपातावरून ज्यांच्याशी पटत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना

सातरस्ता_सिस्टर
जय ख्रिस्त मंडळी. आज 10 ऑगस्ट, 1971 चा गर्भपाताचा कायदा ह्याच तारखेचा, म्हणून चर्चमध्ये न जन्मलेल्या लेकरांसाठी प्रार्थना ठेवली होती. शेवटी पाळकसाहेब म्हणाले आता ह्या विषयावर जे तुमच्या विरोधात आहेत त्यांचंही नाव घ्या, मनातल्या मनात घ्या, आणि मला एकदम आमच्या लेबर वॉर्डातली जुनी सोबतीण आठवली.

मी नर्स होते, आता रिटायर. गर्भपाताच्या केसला मी उभी राहणार नाही असं मेट्रनला आधीच सांगितलेलं, तिनं ऐकलंही. पण मी नाही म्हटलं म्हणून केसा काय थांबतात व्हय, त्या सगळ्या हिच्या वाट्याला जायच्या. एकदा ट्रॉली आवरता आवरता मला म्हणाली, "तुझा देव तुला सुट्टी देतो आणि ड्युटी मला लावतो." हातातली किडनी ट्रे अशी आपटली की पेशंट उठून बसली.

मी रोज रात्री तिच्यासाठी प्रार्थना करायची, प्रभू हिला सद्बुद्धी दे. ती कसली प्रार्थना, वरच्या साहेबाकडं दिलेला तक्रार अर्ज तो. मत्तय 5:44 शब्बाथ शाळेपासून तोंडपाठ, वैऱ्यांवर प्रीती करा, छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा, पण त्यांच्यासाठी नेमकं मागायचं काय ते तिथं कुठं लिहिलंय. मग तिच्या नवऱ्याचे माग बंद पडले, घरी बसला तो, तेव्हा मी त्याच्या कामासाठी मागायला लागले. मग लेकीच्या दहावीसाठी, तिच्या गुडघ्यासाठी. आणि रोज गुडघ्यासाठी मागायचं आणि तिला मात्र उभ्यानं नाइट करताना बघायचं हे काही जमेना, तर तिच्या नाइट मी घ्यायला लागले. ती न मागता. माझं मत तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे, तिचंही तसूभर हललं नाही. पण ट्रे आपटणं बंद झालं 😄

तुमचं लिहा. कायद्यावर वाद नको, अनुभव पाहिजेत.

शेंगाचटणी
काकू तक्रार अर्ज 😂😂 माझ्या सासूबाईंची प्रार्थना अगदी हीच. "प्रभू हिला स्वयंपाक शिकव", मी शेजारी बसलेली असताना, मोठ्यांदा.

होटगीरोड_बॉय
आमच्या घरात हे रोजचं आहे. ताई वकील, पुण्यात असते. 29 सप्टेंबर 2022 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला ना, की अविवाहित बाईलाही 24 आठवड्यांपर्यंत विवाहितेसारखाच हक्क, तर तिनं फॅमिली ग्रुपवर पेढ्याचा फोटो टाकला आणि पप्पांनी त्याखाली स्तोत्र 139 टाकलं, आईच्या उदरात तूच मला घडवलंस ते. मग काय, चार दिवस कोणी कोणाशी बोलेना, आई मध्ये बसून दोघांना वेगवेगळा फोन करलालती. पप्पा ताईसाठी उपास धरतात बुधवारी, तिला माहीत नाही. माहीत झालं तर भडकेल. मला विचाराल तर मी तिच्यासाठी फक्त एवढंच मागतो की कोर्टातून घरी येताना रात्री गाडी सांभाळून चालव. जास्त धार्मिक काही सुचत नाही बे.

सातरस्ता_सिस्टर
होटगीरोड, पुरे झालं की तेवढं. आणि पप्पांचा उपास गुपितच ठेव.

कडक_भाकरी
पाणी आलं का वो कोणाकडं? आमच्या भागात आज पाळी होती, अजून पत्ता नाही

पार्कचौक
मी ख्रिस्ती नाही आणि तुमच्या मताची तर अजिबात नाही, तरी लिहिते कारण तुम्ही अनुभव म्हणालात. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळलं बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. वाचणार नव्हतंच ते. आम्ही थांबवलं. सही मी माझी केली, कायद्यानं सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही हे तेव्हा कळलं. चाळीत दोन ख्रिस्ती काकू. एक दारात उभी राहून म्हणाली "तुझ्यासाठी प्रार्थना करते हं, देव क्षमा करील." ते वाक्य अजून कानात आहे. माफ करा पण अशी प्रार्थना म्हणजे चार लोकांत गालफडात मारल्यासारखं. दुसरी काही बोललीच नाही. ज्वारीच्या भाकरी आणि पातळ पिठलं घेऊन आली, माझ्या मोरीत साठलेली भांडी घासली, पातेल्याचा तळ नारळाच्या शेंडीनं खरवडत बसली होती बराच वेळ, आणि गेली. मत तिचंही पहिलीसारखंच होतं, मला पक्कं माहीत आहे. प्रार्थना करत असेलही, मला सांगितलं नाही. कोणाची लागू पडली विचाराल तर सांगायला नको.

सातरस्ता_सिस्टर
पार्कचौक ताई, लिहिलंत ते फार बरं झालं. मी त्या दुसरीच्या मताची आणि तुमच्याही दुःखात आहे, दोन्ही एकदम. पहिलीबद्दल काही बोलत नाही, आमच्यातलीच ती.

जुने_सोलापूर
माझे दोन शब्द. आपल्याकडे हा विषय निघाला की लोक लगेच मुलगी वाचवा कडे नेतात. प्रत्येक सोनोग्राफी सेंटरला बोर्ड असतो, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो वेगळ्या कायद्याचा. महाराष्ट्राने तो देशात पहिला केला 1988 ला, केंद्राचा नंतर 1994 ला. तिथे आपण आणि ते "हक्कवाले" एकाच बाजूला असतो हे कोणी लक्षात घेत नाही. आमच्या मोर्चात पुढे घोषणा देणारी बाई पुरोगामी, पक्की नास्तिक, मी तिच्या मागे बॅनर धरून. ऊन असलं की चप्पल डांबराला चिकटायची. तिने मला तिच्या बाटलीतले पाणी दिले. तेव्हापासून तिचे नाव सकाळच्या प्रार्थनेत आहे. वैरी वगैरे कसली ती.

कडक_भाकरी
काका तुमच्याकडं आलं का पाणी

जुने_सोलापूर
नाही. उद्या म्हणतात.

मिस्सा_नंतर_चहा
आमच्याकडं एकानं कहर केला. प्रार्थनासभेत उभा राहून, नाव घेऊन, "अमक्या डॉक्टरीणबाईंचं हृदयपरिवर्तन कर." आणि डॉक्टरीणबाईंची आई तिसऱ्या बाकावर! म्हातारीनं जपमाळ पर्समध्ये टाकली, पदर सावरला आणि सरळ बाहेर. फादर मागं पळत गेले. नंतर फादरनी नियमच केला, विरोधकांसाठी प्रार्थना करायची ती दार लावून, खोलीत, येशूनं सांगितलंय तशी. आणि सभेत मागायचं तर अडलेल्या पोरींसाठी, त्यांच्या दवाखान्याच्या बिलासाठी, आणि मागून झालं की पेटी फिरवायची. पेटी फिरायला लागल्यावर आमच्यातले बरेच जण एकदम शांत झाले 😏

शेंगाचटणी
पेटी फिरली की आपोआप डोळे मिटून ध्यान लागतं लोकांना

पंढरपूर_माहेर
पोरींवरून आठवलं. आमच्या पंढरपुरात नवरंगे बालकाश्रम आहे, 1875 पासूनचा, प्रार्थना समाजाशी जोडलेला. वारीच्या गर्दीत विधवा बाया यायच्या, बाळंत व्हायच्या, लेकरू तिथंच सोडून जायच्या, त्यातून सुरू झालं ते. पुण्यात त्याआधी 1863 ला जोतिबा-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलंच होतं. त्यातल्या कोणी त्या बाईला पापी म्हणत दाराबाहेर उभं केलं नाही, ये म्हणाले, बाळंत हो म्हणाले, बस. माझी आजी आश्रमात धुतलेली जुनी लुगडी नेऊन द्यायची, दुपट्यांना. वारकरी बाई, गळ्यात तुळशीची माळ. गर्भपात चूक की बरोबर ह्यावर तिचं माझ्या आईशी कडाक्याचं भांडण व्हायचं, आई चार बायकांच्या बाजूनं बोलायची. भांडण चालू असताना दोघी मिळून लुगडी फाडत बसायच्या.

विषयाला धरून आहे का माहीत नाही, प्रार्थना ह्यात कुठं आली नाही.

पार्कचौक
आली की.

होटगीरोड_बॉय
@पंढरपूर_माहेर आश्रमात आता काय लागतं? कपडे घेतात का? ताई गणपतीला येणार आहे, तिला म्हणतो चल जाऊन येऊ. पप्पा पण येतील बहुतेक. गाडीत तीन तास, त्या दोघांना, बघा आता

पंढरपूर_माहेर
तीन तास कुठले, दीड-दोन. आधी फोन करून विचारा, जुने कपडे नुसते नेऊन टाकू नका. आणि येताना मोहोळला थांबून चहा पाजा दोघांना

शेंगाचटणी
मोटर चालू करा सगळ्यांनी, आलं पाणी!!

कडक_भाकरी
खोटं बोलू नका वो ताई, आमच्याकडं नुसती हवा येलालीय नळाला