वनडेत सचिन आणि विराटनंतर तिसरा कोण? (पहिल्या दोघांवरून भांडण नको)

पॉइंटचा_फील्डर:

लोकहो, परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये एक चहा संपून दुसरा आला तरी वाद संपला नाही म्हणून इथे टाकतोय. विषय जुनाच, वनडेतला सगळ्यात भारी बॅट्समन. पण सचिन की विराट हे सुरू झालं की पुढे काहीच होत नाही, लोक एकमेकांच्या खानदानावर जातात, त्यामुळे आम्ही ठरवलं की ते दोघं वर राहू देत, कुठल्या क्रमाने ते ज्याचं त्याने ठरवावं, आपण तिसऱ्या नंबरसाठी भांडू.

माझं मत एबी डिव्हिलियर्स. ९५७७ रन्स, अ‍ॅव्हरेज साडेत्रेपन्न आणि स्ट्राइक रेट (म्हणजे शंभर बॉलमागे रन्स) १०१, हे तिन्ही एकत्र असलेला माणूस दाखवा. आणि मी हे नुसते आकडे बघून बोलत नाहीये, २५ ऑक्टोबर २०१५ ला मी वानखेडेवर होतो. आफ्रिकेचे ४३८, तिघांच्या सेंच्युऱ्या, डी कॉक, डू प्लेसी आणि हा. याने ६१ बॉलमध्ये ११९ मारले, त्यात ११ सिक्स. उन्हाने जीव जात होता, डू प्लेसी तर क्रॅम्प येऊन १३३ वर आत गेला, आणि एबी मात्र असा खेळत होता की जणू गल्लीत रबरी बॉलने चाललंय. आपण हरतोय याचं दुःख मला साधारण चाळिसाव्या ओव्हरनंतर वाटेनासंच झालं. त्याच वर्षी जानेवारीत जोहान्सबर्गला ३१ बॉलमध्ये सेंच्युरी मारलेली, ती वेगळीच.

ऑफिसातले म्हणतात रोहित, एक जण म्हणतो धोनी. तुमचं काय? कारणासकट सांगा, नुसतं नाव नको.

---

गल्लीतला_गावसकर:

रोहित. २६४. विषय संपला.

---

पॉइंटचा_फील्डर:

@गल्लीतला_गावसकर कारण मागितलं होतं राव. एक इनिंग म्हणजे कारण नाही. (बरं, तीन डबल सेंच्युऱ्या आणि २०१९ च्या एका वर्ल्डकपमध्ये पाच सेंच्युऱ्या हे मी तुझ्या वतीने लिहितो, पुढच्या वेळी स्वतः लिही.)

---

मरून_टोपी:

तिसरा?? अहो ज्याला तुम्ही तिसऱ्या नंबरच्या रांगेतही उभं केलं नाहीत तो पहिला आहे. व्हिव्ह रिचर्ड्स. मी आता साठीचा आहे त्यामुळे "आमच्या वेळी" हे शब्द येणार, सहन करा.

१९८४, ओल्ड ट्रॅफर्ड, इंग्लंडविरुद्ध. वेस्ट इंडीज ७ बाद १०२, मग ९ बाद १६६. अकराव्या नंबरला मायकेल होल्डिंग आला. आता नववी विकेट पडल्यावर आपण काय करतो, किट आवरायला लागतो. या दोघांनी नाबाद १०६ ची भागीदारी केली आणि त्यात होल्डिंगचे १२. बारा! बाकी सगळे व्हिव्हचे. तो नाबाद १८९, टीमचे २७२. टीममधला त्याच्या खालोखालचा स्कोअर २६ होता. मग इंग्लंड १६८ ला ऑलआउट, म्हणजे एकट्या व्हिव्हने इंग्लंडला २१ रन्सनी हरवलं असं म्हणा. आणि समोर कोण ऐरेगैरे नव्हते, विलिस होता, बोथम होता.

ही मॅच तेव्हा बघायला मिळाली नाही, पेपरात स्कोअरकार्ड वाचलं आणि मला छपाईची चूक वाटली होती. हायलाइट्स बघितले ते कितीतरी वर्षांनी, मुलाने यूट्यूबवर लावून दिले तेव्हा. हेल्मेट नाही, मरून टोपी, च्युइंगगम. पायात येणारा बॉल सगळेच लेगला मारतात, हा ऑफस्टंपबाहेरचा ओढून मिडविकेटला मारायचा.

आणि ८३ ची फायनल. आपण १८३ केलेले. हा आला आणि २८ बॉलमध्ये ३३, सात चौकार. आमच्या शेजाऱ्यांकडे टीव्ही होता, तिथे पंचवीस-तीस माणसं दाटीने बसलेली, आणि व्हिव्ह खेळत होता तेवढा वेळ एकही माणूस बोलत नव्हता. कपिलने मागे पळत तो कॅच घेतला म्हणून आज आपण ८३ चं कौतुक करतो. व्हिव्ह अजून दहा ओव्हर टिकला असता तर ८३ कोणाला आठवलं असतं का सांगा.

४७ चं अ‍ॅव्हरेज आणि ९० चा स्ट्राइक रेट. त्या काळात. बास.

---

आकडेमोड_अण्णा:

काकांना अनुमोदन, पण "त्या काळात" म्हणजे नक्की काय ते आकड्यांत मांडतो, नाहीतर तरुण मंडळी म्हणणार ९० तर आज कोणीही करतं.

व्हिव्हच्या बरोबरचे लोक घ्या. ग्रीनिज, त्याच टीमचा ओपनर, अ‍ॅव्हरेज ४५, पण स्ट्राइक रेट ६५ च्या आत. हेन्स, १७ सेंच्युऱ्या, स्ट्राइक रेट ६३. मियाँदाद ६७ च्या आसपास. डीन जोन्स, जो तेव्हा रन पळायच्या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होता, तो ७२. म्हणजे जे टिकायचे ते हळू खेळायचे. आता उलटं बघा, कपिल देवचा स्ट्राइक रेट ९५, पण अ‍ॅव्हरेज २३.७९. जे मारायचे ते टिकायचे नाहीत. सगळ्यांना दोनातलं एकच जमायचं आणि हा एकटा दोन्ही घेऊन बसला होता. जवळ जाणारा एकच, झहीर अब्बास, ४७ आणि ८४, पण त्याच्या मॅचेस ६२ आणि व्हिव्हच्या १८७.

आता एबीकडे या. ५३ आणि १०१, जबरदस्तच. पण त्याच्या वेळी कोहली ५८ च्या आसपास अ‍ॅव्हरेजने ९३ ला खेळतोय, रोहित ९० च्या वर आहे, बटलर तर स्ट्राइक रेटमध्ये एबीच्याही पुढे. म्हणजे एबी गर्दीत सगळ्यात पुढे होता. व्हिव्हच्या आजूबाजूला गर्दीच नव्हती.

त्यात ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांना वेगळा नवीन बॉल आला. बॉल शेवटपर्यंत कडक राहतो, रिव्हर्स स्विंग जवळपास संपला. २०१२ च्या शेवटी सर्कलबाहेर चारच फील्डर असा नियम आला, बाउंड्रीच्या दोऱ्या आत आल्या, बॅटच्या कडा विटेएवढ्या. ३१ बॉलची सेंच्युरी या सगळ्यानंतरची आहे. (२०२५ मध्ये तो दोन बॉलचा नियम बदलला, आता ३४ ओव्हरनंतर एकाच बॉलने खेळतात. उशिरा सुचलं, पण सुचलं.)

---

पॉइंटचा_फील्डर:

@आकडेमोड_अण्णा हे कपिल-ग्रीनिजचं मस्त मांडलंत, याला उत्तर नाही माझ्याकडे. पण मग याच मापाने सचिनही मागे जाणार का? ८६ चा स्ट्राइक रेट आणि ४४ चं अ‍ॅव्हरेज आहे त्याचं.

---

आकडेमोड_अण्णा:

त्याचे पहिले चार-साडेचार वर्षं मधल्या फळीत गेली हे विसरू नका. पहिली वनडे सेंच्युरी ७९ व्या मॅचला आली, सप्टेंबर ९४, कोलंबो. त्याच्या आधी मार्चमध्ये ऑकलंडला सिद्धूची मान आखडली म्हणून हा ओपनिंगला गेला आणि ४९ बॉलमध्ये ८२. सिद्धूची मान त्या सकाळी ठीक असती तर काय, हा विचार केला की मला अजून घाम फुटतो. पण सचिनबद्दल तुम्हीच बंदी घातलीये ना, गप्प बसतो.

---

वऱ्हाडी_ठेचा:

काय बे तुम्ही सगळे सिक्सवाले आणि स्ट्राइक रेटवाले. मायकेल बेव्हनचं नाव घ्यायला कोणाची जीभ जड झाली का?

१ जानेवारी १९९६, सिडनी. वेस्ट इंडीजचे १७२, ऑस्ट्रेलिया ६ बाद ३८. अँब्रोज, वॉल्श. तिथून हा शेपटाला घेऊन खेळला, शेवटच्या बॉलला चार पाहिजे होते, रॉजर हार्परला सरळ मारला चौका. नाबाद ७८. आन २००३ च्या वर्ल्डकपात इंग्लंडविरुद्ध ८ बाद १३५ होते, २०५ पाहिजे होते, बिकेलला घेऊन काढले. टी-ट्वेंटी पाहून मोठ्या झालेल्या पोरांना हे समजत नाही की ओव्हरला सहा पाहिजे असताना दोन-दोन पळून मॅच खिशात घालणं हेही मारण्याएवढंच कठीण असते. ५३ चा अ‍ॅव्हरेज आहे भाऊ त्याचा, तोही सहाव्या नंबरवर येऊन.

आता विषय निघालाच तर सांगतो, मी ३१ ऑक्टोबर ८७ ला आमच्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्सच्या ग्राउंडवर होतो, बाबांच्या खांद्यावर बसून. न्यूझीलंडविरुद्ध. चेतन शर्माची हॅट्ट्रिक पाहिली आन गावसकरची वनडेतली एकुलती एक सेंच्युरी, तीही ८८ बॉलमध्ये नाबाद १०३! ज्या माणसाने ७५ ला लॉर्ड्सवर ६० ओव्हर खेळून नाबाद ३६ केले होते, त्याने. रनरेट वाढवून ग्रुपमध्ये पहिलं यायचं होतं म्हणून सगळी घाई, म्हणजे सेमीफायनल लाहोरऐवजी वानखेडेवर. झाली वानखेडेवर. तिथं गूचने स्वीप मारून मारून घरी पाठवलं. गावसकरला तिसऱ्या नंबरवर टाका असं म्हणत नाही, पण पाहिलं ते पाहिलं.

---

मरून_टोपी:

@वऱ्हाडी_ठेचा आहाहा. त्या दिवशी गावसकरला ताप होता म्हणतात. आम्ही म्हणायचो मग याला रोज ताप येऊ दे.

---

कलानगरची_सून:

सगळे नुसते पुरुषांचेच रेकॉर्ड मोजताय म्हणून मधे घुसते. वनडेतली पहिली डबल सेंच्युरी कोणाची? सचिन, ग्वाल्हेर, २४ फेब्रुवारी २०१०, असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. आता खाली घ्या. बेलिंडा क्लार्क, १६ डिसेंबर १९९७, नाबाद २२९, आणि कुठे तर आमच्या वांद्र्यातल्या एमआयजीच्या मैदानावर! माझं सासर तिथून चालत पाच मिनिटांवर, आणि घरात चार क्रिकेटवेडे पुरुष असून हे एकालाही माहीत नव्हतं. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, अगं त्या वर्षी मी रोज तिथेच फिरायला जायचो.

समोर डेन्मार्क होतं, ते ४९ मध्ये ऑलआउट झाले, हे मी स्वतःच सांगते म्हणजे कोणी शोधून आणायला नको. पण तिसऱ्या नंबरसाठी चर्चा करताना मिताली राजचं नाव यायला हरकत नसावी ना? ७८०५ रन्स, अ‍ॅव्हरेज पन्नासच्या वर, आणि यातली बरीच वर्षं मॅचेस टीव्हीवरसुद्धा दाखवत नव्हते. आणि एका इनिंगचीच गोष्ट असेल तर ३० ऑक्टोबर २०२५, डी. वाय. पाटील, सेमीफायनल, ऑस्ट्रेलियाचे ३३८ आणि जेमिमाच्या नाबाद १२७. मी त्या रात्री नेरुळला होते, येताना शेवटची लोकल चुकली आणि अजिबात वाईट वाटलं नाही.

---

गल्लीतला_गावसकर:

@कलानगरची_सून ताई हात वर केला होता. खाली घेतला. 🙏

---

पॉइंटचा_फील्डर:

मी पण खाली घेतला ताई, हे खरंच माहीत नव्हतं.

बरं, आता माझी सुधारलेली यादी. व्हिव्ह तिसरा, एबी चौथा. @मरून_टोपी काका, पहिला नाही करणार, वानखेडेच्या स्टँडमध्ये "सचिन सचिन" करत लहानाचा मोठा झालोय, घरी तोंड दाखवायचंय. आणि एबीला एका गोष्टीत मी स्वतःच थोडं खाली आणतो, २०१५ च्या ऑकलंडच्या सेमीफायनलला तो नाबाद ६५ वर होता, पावसाने ओव्हर कमी झाल्या, पुढे न्यूझीलंडच्या इलियटने स्टेनला सिक्स मारला आणि गेलं. त्याची चूक नव्हती, पण व्हिव्हकडे ७९ च्या फायनलचे नाबाद १३८ आहेत, याच्याकडे तसं काही नाही. बेव्हनचं मात्र मला पटत नाहीये अजून, त्याचे सिडनीचे हायलाइट्स आज रात्री बघतो मग बोलू.

---

मरून_टोपी:

तिसरा तर तिसरा. सुरुवात केली तेव्हा यादीत नव्हता, चार तासांत तिसरा झाला, अजून दोन दिवस धागा वर ठेवा.

---

लेगबाय:

उशिरा वाचतोय. कोणीच मॅक्सवेलचं नाव घेतलं नाही म्हणून एक भर. ऑल टाइम वगैरे म्हणत नाहीये मी, पण ७ नोव्हेंबर २०२३, पुन्हा वानखेडेच, अफगाणिस्तानविरुद्ध ७ बाद ९१ वरून २९२ चा चेस, पायात गोळे आलेले, धावता येत नाही, उभ्या उभ्या नाबाद २०१. कमिन्सबरोबर २०२ ची भागीदारी झाली आणि त्यात कमिन्सचे किती माहितीये? ६८ बॉलमध्ये १२.

काकांच्या पोस्टमध्ये होल्डिंगचे किती होते ते परत वर जाऊन बघा.