विषय: नागपूरचा शिक्षण निधी – शुल्क शाळेला, की पालकांच्या हाती?

कार्यवाह:
सप्रेम नमस्कार. रविवारच्या बैठकीआधी एकच बाब ठरायची आहे. वाठोडा आणि नंदनवन भागातील १२ मुलांचे शुल्क गेल्या वर्षीप्रमाणे थेट संस्थेला पाठवायचे, की 'शुल्क निधी भरेल' असे हमीपत्र पालकांना देऊन शाळा त्यांनाच निवडू द्यायची? नुसते 'अनुमोदन' न लिहिता कारण लिहावे.

कोषाध्यक्ष:
निधीचे पैसे परदेशातल्या सभासदांकडून येतात. ते संस्थेला पाठवायचे तर तिच्याकडे विदेशी अंशदान (परदेशातून येणाऱ्या देणग्या) कायद्याखालील नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच जमा व्हावी लागते. अशी एकच शाळा आपल्याला सापडली, म्हणून सगळी मुले तिथे गेली. माझा हिशेब चोख आहे. मात्र पालकांना कोणी विचारले नव्हते, हे मला मान्य आहे.

मिलवॉकीचे सभासद:
मी हमीपत्राच्या बाजूने आहे. अमेरिकेतल्या आमच्या या शहरात १९९० पासून कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना सरकारी खर्चाने खासगी शाळेत जाता येते. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेला सोडत काढावी लागते, मुले पारखून घेता येत नाहीत. चिलीमध्ये १९८१ पासून अशीच पद्धत आली. तेथे मात्र शाळा मुले निवडत राहिल्या, पुढे वरचे शुल्कही घेऊ लागल्या, आणि ते थांबवायला २०१५ मध्ये कायदा करावा लागला. म्हणून हमीपत्रावर 'प्रवेश नाकारणार नाही, वरचे पैसे मागणार नाही' या दोन वाक्यांखाली मुख्याध्यापकांची सही हवीच.

महालचे काका:
हा निधी आम्ही मनपा शाळांसाठी सुरू केला होता, याची नव्या मंडळींनी आठवण ठेवावी. आंध्र प्रदेशात सोडतीने खासगी शाळेत गेलेल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा तेलुगू आणि गणितात ती सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे नव्हती. हिंदीत तेवढी पुढे होती. मी स्वतः मनपाच्या शाळेत शिकलो आणि गुरुजींनी घरी बोलावून माझे अपूर्णांक पक्के करून घेतले. तसे गुरुजी टिकतील असा खर्च आधी करावा.

नंदनवनच्या ताई:
काका, त्याच पाहणीत खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहून कमी निघाला होता, तेही लिहायला हवे होते. असो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीचे नाव २०२४ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांच्या सोडतीत लागले. सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या राखीव जागांतून फेब्रुवारीत दिलेली सूट उच्च न्यायालयाने जुलैत रद्द करेपर्यंत सगळे अडकून पडले. विदर्भातल्या शाळा उघडल्या तरी मुलगी घरीच होती. प्रवेशाच्या संदेशाची छापील प्रत तिच्या आईने रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपली होती. प्रवेश झाला, शुल्क माफ झाले, आणि दिवाळीनंतर मुलीने शाळा सोडली, कारण ऑटोचे महिन्याला ९०० रुपये त्यांना झेपेनात. हमीपत्रात ऑटोचे भाडे धरणार नसाल, तर घराजवळची शाळा सोडून दुसरी निवडता येते असे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचे?

कोषाध्यक्ष:
ताई, भाडे धरतो. आपल्यापैकी भारतीय नागरिक असलेल्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे विदेशी अंशदानात मोडत नाहीत, त्यामुळे हा भाग त्यांनी उचलावा. फक्त ऑटोवाल्याची पावती कशी मिळवायची, ते कळवा.

नंदनवनच्या ताई:
तो पावती देत नाही, वहीत सही करतो. महिन्याच्या एक तारखेला त्या पानाचा फोटो मी स्वतः पाठवीन.