महागाई, भाववाढ की चलनवाढ?

विधानसभेच्या मतदार सर्वेक्षणाची प्रश्नावली मराठीत करायची आहे. नमुना पुणे शहर आणि खेड, जुन्नर तालुक्यांतला. 'इन्फ्लेशन'ला 'चलनवाढ' चालेल का?

▪ पाठ्यपुस्तकात चालेल, दारात नाही. 'महागाई' घ्या. मूळ संस्कृत 'महार्घ', अर्घ म्हणजे किंमत. पण क्रियापद जपून वापरा. 'महागाई कमी झाली का?' हा प्रश्न हमखास फसतो. १०० रुपयांची वस्तू १०६ झाली, पुढच्या वर्षी १०८. वाढीचा दर ६ टक्क्यांवरून १.९ वर आला, वस्तू मात्र आणखी महागलीच. सरकारी पत्रकात महागाई 'घटली', किराण्याच्या यादीत वाढली, आणि खोटं कुणीच बोलत नाही! त्यापेक्षा 'गेल्या दिवाळीच्या मानाने किराण्याचा खर्च वाढला का?' असं विचारा. मुदत हवीच.

▪ किराण्याचा हा प्रश्न शहरापुरता ठीक. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला 'भाव वाढले का?' विचाराल तर 'हो' म्हणताना तो खूश असेल. पुण्याच्या गुलटेकडी बाजारात भाव चढला की गिऱ्हाईक कुरकुरतं, पडला की शेतकरी. दोघांची उत्तरं एकाच रकान्यात गेली की बेरीज निरर्थक. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याला निर्यातबंदी होती. पाठोपाठच्या लोकसभेत नाशिक आणि दिंडोरी, दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. शेतकऱ्याला 'भाव मिळाला का?' विचारा. 'वाढला' नको, 'मिळाला'.

▪ 'हमीभाव'ही तसाच. २०२४-२५ साठी सोयाबीनचा ४,८९२ रुपये क्विंटल जाहीर झाला. जाहीर होणं वेगळं, हातात पडणं वेगळं. कांद्याला तर हमीभाव नाहीच, जुन्नरच्या कांदेवाल्याला तो प्रश्न विचारू नका.

▪ योजनांसाठी 'रेवडी' नको, 'हक्काचे पैसे'ही नको. दोन्ही शब्द आधीच मत देऊन बसलेत. नाव आणि रक्कम लिहा: लाडकी बहीण, महिना १,५०० रुपये. २०२४ च्या प्रचारातली २,१०० आणि ३,००० ही आश्वासनं होती, वेगळा प्रश्न करा.

▪ 'आर्थिक चिंता' कोण म्हणतं हो? 'घरखर्च भागतो का?' पर्याय: भागून उरतं / जेमतेम भागतं / उसनवारी करावी लागते. आणि हा प्रश्न पक्षाच्या प्रश्नाआधी ठेवा. एकदा पक्ष सांगून झाला की माणूस घरखर्चाचं उत्तरही त्याच पक्षाच्या बाजूने देतो.